बावन्न मैलांची सोबत

मुखरूभाऊंकडे घड्याळ नव्हतं आणि ते कधी उशिरा पोचले नाहीत. माझ्याकडे घड्याळ होतं, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं, आणि मी शाळेत रोज दहा मिनिटं उशिरा जात असे. त्या वेळी मी सावली गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वय चोवीस, अक्कल त्याहून कमी.

मुखरूभाऊ गावातल्या ढिवर मोहल्ल्यात राहत. आसोल्याच्या तलावावर उजाडता उजाडता जाळी निघायची. मुखरूभाऊ दोन टोपल्या मासळी सायकलच्या कॅरिअरला बांधायचे, वरून ओला पाला टाकायचे आणि गाडी यायच्या आत मूलच्या स्टेशनावर हजर व्हायचे. चौदा-पंधरा मैलांचा मुरमाचा रस्ता, मागे मणभर ओझं. बर्फ आमच्याकडे फक्त भूगोलाच्या पुस्तकात होता, त्यामुळे सगळा खेळ वेळेचा. किती वाजले हे ते रोहूच्या डोळ्यात पाहून सांगत. डोळा चकचकीत आहे तोवर वेळ आहे, धुरकटला की वेळ गेली. एकदा मी हट्टाने माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. पाच मिनिटांचा फरक निघाला. मी विजयी मुद्रेने स्टेशनमास्तरांकडे गेलो, तर त्यांनी सांगितलं की माझंच घड्याळ पुढे आहे.

सायकल येण्याआधी मुखरूभाऊ व्याहाडच्या बाजाराला पायी जात. पाच-सहा ढिवर एका मागोमाग, खांद्यावर कावडी. रस्ताभर गप्पा, एकमेकांच्या सासुरवाडीची टवाळी, एकाची बिडी चौघांत. एकोणपन्नास साली त्यांनी सायकल घेतली, मोहल्ल्यातली पहिली. तेव्हापासून व्याहाडच्या बाजारालाही ते सगळ्यांच्या मागून निघू लागले आणि सगळ्यांच्या आधी पोचू लागले. वाटेत जुनी मंडळी दिसायची, घंटी वाजवायची, आणि संपलं. थांबावं तर मासळी थांबत नाही.

"सायकलनं पाय वाचले मास्तर," ते मला एकदा म्हणाले, "पन तोंड बंद झालं."

घरीही बोलायला कोणी नव्हतं. बायको मनकर्णाबाई लग्नानंतरच्या चौथ्याच पावसाळ्यात तापाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न का केलं नाही असं विचारलं की ते म्हणत, सवड नाई भेटली. दहा वर्षांत सवड भेटली नाही, याचा अर्थ न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो, पण विषय वाढवण्याइतकी मला फुरसत नव्हती. माणूस गावात सगळ्यांच्या ओळखीचा आणि कोणाच्याच ओसरीवर नाही, असे काही लोक असतात. मुखरूभाऊ तसे होते. लोक त्यांना दारात उभं करून मासळी घेत आणि दार लावून घेत.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत शाळेच्या भिंतीवर एक कागद लागला. चांद्याचे बाबुलाल, सायकलच्या दुकानाचे मालक, यांनी चांदा ते गडचिरोली अशी सायकल सफर काढली होती. बावन्न मैल. सात तासांच्या आत पोचणाऱ्याला त्याची वेळ लिहिलेलं सर्टिफिकेट. मुखरूभाऊंना वाचता येत नव्हतं. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि मला वाचायला सांगितलं. मी वेळेचं कलम चांगलं रंगवून वाचलं. ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही नाही. मग शेवटचं कलम आलं: जंगल असल्याने सर्व सायकलस्वारांनी एकमेकांच्या सोबत राहावे.

"हे आखरीचं अजून एकदा वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं.

"कितीक जनं असतीन?"

"पंधरा-वीस तरी."

"अन् सारे सोबत?"

"हाव. लिहिलंच आहे ना तसं."

"मंग माझं नाव लिवा. टाइमगिम नाई पायजे मले. कोनासंगं बोलत बावन्न मैल जाऊन पाहीन म्हन्तो."

मी त्यांचं नाव माझ्या नावाखाली लिहून पाठवलं. मला मात्र टाइमच पाहिजे होता. सर्टिफिकेट फ्रेममध्ये घालून कुठल्या भिंतीवर लावायचं हे मी बायकोशी बोलून ठरवलंसुद्धा होतं.

आदल्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीच्या टपावर सायकल टाकून चांद्याला गेलो, पाय ताजे राहावेत म्हणून. मुखरूभाऊंनी सकाळी मूलच्या स्टेशनावर मासळी उतरवली आणि तसेच पुढे सायकलने चांद्याला आले. पण त्याआधी त्यांनी मूलच्या तलावावर दोन तास घालवले होते. टोपल्या ओळखीच्या घरी ठेवल्या. सायकलचा कॅरिअर खोलून राखेने घासला. साखळी रॉकेलने धुतली. स्वतः चिंचेने अंग चोळून आंघोळ केली आणि पिशवीतला नवा सदरा घातला. संध्याकाळी बाबुलालच्या दुकानासमोर भेटले तेव्हा त्यांनी हात माझ्या नाकाशी आणला.

"पाहा बरं मास्तर, येते का?"

"काय?"

"वास."

"नाही येत," मी म्हणालो. खरंच येत नव्हता. चिंचेचा येत होता, फार तर.

रविवारी सकाळी सहाला आम्ही एकोणीस जण निघालो. थंडी अशी की हँडलवरची बोटं आपली वाटत नव्हती. चांद्याचे गडी पांढऱ्या चड्ड्या आणि डोक्याला रुमाल बांधून आले होते. दोन-दोनची रांग, पुढे बाबुलाल, प्रत्येकाने जोडीदाराशी बोलत जायचं. मुखरूभाऊ माझ्या शेजारी होते आणि पहिले चार मैल ते थांबलेच नाहीत. मासळीचं बोलले, तलावाच्या पाळीचं बोलले, गेल्या साली रस्त्यात आडव्या आलेल्या अस्वलाचं बोलले. दहा वर्षांचं साचलेलं बाहेर येत होतं. पायडलवर त्यांचे पाय नुसते ठेवल्यासारखे फिरत होते. मला धाप लागली होती, तरी मी हूं हूं करत होतो.

मग रांगेतला एक जण मागे वळून पाहत म्हणाला, "अरे, हा तर मूलच्या ठेसनावरचा मच्छीवाला!"

बस, एवढंच. त्यात शिवी नव्हती. पण त्यानंतर रांगेला काहीतरी झालं. मुखरूभाऊ कोणाच्या शेजारी गेले की त्या माणसाची साखळी कुरकुरायला लागे, नाहीतर त्याला तहान लागे. तो मागे राही. ते दुसऱ्याच्या शेजारी जात. त्याला पुढच्याशी काही बोलायचं असे. एकाने तोंडावर रुमाल ओढून घेतला आणि थंडीचं निमित्त केलं. मी हे सगळं पाहत होतो. आठवड्यातून दोनदा त्यांची मासळी माझ्या ताटात असायची, आणि तरी, आता लिहायला लाज वाटते, मलाही वास यायला लागला.

चिचपल्लीला पहिला थांबा होता. मुखरूभाऊ हापशीवर पाणी प्यायला गेले तेव्हा बाबुलाल माझ्याजवळ आले.

"मास्तर, तुमच्या गावचा माणूस आहे. तुमीच समजावा. पोरं नाराज होऊन राह्यले."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. ते मी म्हणालो नाही. मी मुखरूभाऊंकडे गेलो आणि मोठ्या कळकळीचा आव आणला.

"भाऊ, आमच्यापायी तुमचा टाइम जाऊन राह्यला. तुम्ही एवढे ताकदीचे. तुम्ही व्हा ना समोर."

त्यांनी तोंड पुसलं. "मले काही घाई नाई."

"पण पहिला नंबर येईल तुमचा."

"अकेलाच जाऊ?" ते म्हणाले. "जंगल आहे मास्तर. सोबत राहा म्हनून लिवलं आहे ना?"

"तुम्हाला कसलं जंगल! रोजचंच तर आहे तुमचं."

त्यांनी माझ्यामागे पाहिलं. बाबुलाल आणि बाकीचे सगळे चाकांकडे, झाडांकडे, कुठेही पाहत होते. मग मुखरूभाऊ हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"हाव," ते म्हणाले. "तेही खरंच आहे."

त्यांनी सायकल काढली आणि पुढच्या वळणावर सागवानात दिसेनासे झाले. सव्वासात वाजले होते. मी घड्याळात पाहिलं होतं.

त्यानंतर रांगेत खूप हसणं-खिदळणं झालं. एकाने लावणी म्हटली. माझ्या शेजारी आता चांद्याचा एक कारकून होता आणि तो मला त्याच्या बढतीची हकिकत सांगत होता. अजयपूर गेलं, मूल गेलं. मूलला दोघांचे पंक्चर काढण्यात वेळ गेला. सावली गावात माझ्या शाळेची पोरं ओरडायला उभी होती, पण मला मान वर करवली नाही. घड्याळ मी बाहीखाली ढकललं होतं.

वैनगंगेवर पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. हिवाळ्यात नदी एका कडेला सरकते. मधल्या वाळूवर बांबूच्या तट्ट्या अंथरून रस्ता केलेला असतो आणि धारेपुरता डोंगा. डोंगेवाला सुकलू आम्हाला पाहून म्हणाला, "आले का तुमी? तो तुमचा मानूस इथी वाट पाहून राह्यला होता."

"कोण?" बाबुलालनी विचारलं.

"मुखरू. डोंग्यात बसेच ना. म्हने, मांगून माझे मानसं येऊन राह्यले. वाळूत बसला बराच येळ. मंग गेला."

माझे मानसं. बाबुलालनी डोंग्यात सायकल ठेवायची घाई केली. पलीकडे पोचेपर्यंत तो कारकून चाकाला लागलेली वाळू झटकत राहिला.

गडचिरोली अर्ध्या मैलावर राहिली असेल तेव्हा समोरून एक सायकल येताना दिसली. उन्हात चेहरा कळत नव्हता, पण पायडलवरचे पाय कळले. मुखरूभाऊ आमच्याकडे येत होते. जवळ आल्यावर त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. आमची रांग जाऊ दिली, सायकल फिरवली आणि सगळ्यांच्या मागे, आठ-दहा हात अंतर ठेवून चालू लागले. मी मागे वळून पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा संकोच होता. मी वेग कमी केला. तेव्हा कुठे ते माझ्या शेजारी आले.

"पोचले नव्हते का तुम्ही?" मी विचारलं.

"होतो जरासा पुढं," ते म्हणाले.

शाळेच्या मैदानात टेबल मांडून बापूजी बसले होते. हे कचेरीतले निवृत्त पेशकार, टापटिपीचे. वेळ लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. आम्ही आत शिरलो तसं त्यांनी घड्याळ पाहिलं, चांद्याहून आलेल्या यादीतली एकोणीस नावं मोजली, एकोणीस डोकी मोजली, आणि सगळ्या नावांपुढे एकच मोठा कंस काढून लिहिलं: सहा तास वीस मिनिटं.

तेवढ्यात मैदानाच्या कडेला चहा विकणाऱ्या नीलाबाई म्हणाल्या, "अवो बापूजी, याले काऊन त्याईच्यात टाकता? हा भाऊ तं कवाचा आला. कचेरीचे अकराचे टोले पडाले बी पाव घंटा होता. तुमी कोठी होता? घरी आंघोळीले गेल्ते. इथी चिटपाखरू नोयतं. बसला बिचारा एकटाच त्या पायरीवर."

बापूजी ओशाळले. साडेअकराच्या आत कोणी येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. पावणेअकरा म्हणजे पावणेपाच तास, आणि त्यातही वाळूत बसलेला वेळ धरलेला. बावन्न मैल, मुरमाचा रस्ता, मधे नदी. चांद्याचे गडी एकमेकांकडे पाहू लागले.

मी पुढे झालो. मला माझी चूक धुऊन टाकायची होती, तीही दुसऱ्याच्या पेनने.

"बापूजी, खोडा ते. यांचा टाइम वेगळा लिहा. पावणेपाच तास. पहिला नंबर. साक्षीला मी आहे, सुकलू डोंगेवाला आहे, या बाई आहेत."

बापूजींनी पेन शाईत बुडवलं. "हो, हो. न्यायाने तसंच पाहिजे. यांचं नाव काढतो यातून आणि वर वेगळं लिहितो. काय नाव म्हणालात?"

मुखरूभाऊंनी टेबलावर हात ठेवला. चिंचेने घासून घासून लाल झालेला हात, थेट त्या कागदावर.

"खोडू नका."

"अहो भाऊ, पण तुम्ही दीड तास आधी आलात," बापूजी म्हणाले.

"आलो असन. तेच्यात का आहे. रोजच येतो मी आधी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "वेगळं नका लिवू मले. राहू द्या इथीच."

बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पेन पुसून ठेवलं.

मुखरूभाऊ कागदावर वाकले. कुठली रेघ त्यांची हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून दाखवली.

"हे मी?"

"हाव."

"माझ्या वरी कोन आहे?"

"मी आहे."

"अन् खाली?"

मी नाव वाचलं. चांद्याचा तोच गडी होता, ज्याने त्यांना मूलच्या स्टेशनावर पाहिलं होतं. मुखरूभाऊंनी मान वळवून त्याला शोधलं, आणि तो दिसल्यावर ओळख पटल्यासारखी मान हलवली. मग पुन्हा कागदाकडे वळले.

"सारे वाचा मास्तर," ते म्हणाले. "हळूहळू वाचा."

मी पहिल्यापासून एकोणीस नावं वाचली. प्रत्येक नावाला ते बोट एकेक रेघ खाली सरकवत होते.