पोटावरचा मोर

पुण्याच्या जावयानं रिमोटवर चालणारी हातभर होडी आणून दिली आणि म्हणाला, "मामा, तुमच्या हातानं रंगवा." मी जन्मभर धारूरला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या. मोर, वेली, मालकाचं नाव. पाठ धरल्यापासून ब्रश हातात घेतला नव्हता. तरी बसलो. होडी स्टुलावर पालथी घातली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला आणि चार दिवस कंबर मोडून तिच्या पोटावर मोर काढला. पिसाऱ्यातला एक डोळा सोडला नाही. वरची कड नुसती पांढरी ठेवली.

मग शेततळ्यावर जाऊन होडी सोडली. मोर पाण्याखाली गेला. वर बोटभर पांढरी पट्टी तेवढी फिरत राहिली.

बायको काठावरनं म्हणाली, "का वो, होडीचं पोट पाण्यात जातं, एवढंबी ठावं न्हवतं का?"

कसं असणार? ट्रॉली कधी पाण्यात सोडलीय मी?

जावई म्हणतो, वरच्या पट्टीवर पुन्हा काढा. काढा म्हणे! पाठ त्याची थोडीच दुखतीय.

आता होडी टीव्हीशेजारी पालथीच ठेवलीय. तिच्या रिमोटमधला सेल मी भिंतीवरच्या घड्याळाला घातलाय.