रुतलेला नांगर, चालता नांगर

इब्राहीम तांडेलसाहेबांची आणि माझी ओळख पन्नासच्या दशकात दोह्यात झाली, तीही भांडणातून. कचेरीत टंकयंत्र एक आणि आम्ही कारकून दोघे. साहेबांनी हसत खुर्ची सोडली, वर चहा पाजला. ते रत्नागिरीचे, वाडवडील गलबतांवरचे. मी साताऱ्याकडचा शेतकरी. मराठीमुळे आमची लगेच गट्टी जमली.

एका मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी नीती आणि श्रद्धा समजावताना वापरलेल्या प्रतिमांवर ते मराठीत ग्रंथ लिहीत होते. पाच वक्त नमाज पढणाऱ्याला हा नाद कशाला, असे मी एकदा आगाऊपणाने विचारले.

"चांगलं ऐकायला धर्म आडवा येतो काय?" एवढेच ते म्हणाले.

मुंबईच्या प्रकाशकांनी मुदत घातली होती. हस्तलिखित ठरल्या बोटीने निघाले नाही, तर छपाई रद्द आणि सात वर्षांचे कष्ट वाया. सुवाच्य प्रत करायचे काम साहेबांनी मोठ्या विश्वासाने मला दिले. श्रद्धेच्या प्रकरणात वाक्य आले: नांगर घट्ट रुतला की वादळाचे भय नाही. मला ते पटेना. नांगर रुतला तर बैल अडतात! मी सुधारणा केली: नांगर चालता ठेवला की दुष्काळाचे भय नाही. पुढची आठ पानेही त्याच सुरात सजवली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी प्रत वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो पाटील, काय केलंत हे? आमचा नांगर पाण्यात टाकतात, गलबत थांबवायला! उद्या बोट. खलास!"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. साहेब मात्र त्या तत्त्वज्ञांचा मूळ ग्रंथ चाळू लागले. नीतीच्या प्रकरणात खरोखरच शेताचा नांगर होता: मनही रोज नांगरावे लागते.

"त्यांच्या भाषेत दोन नांगरांना शब्द दोन, आपल्याकडं एकच! श्रद्धा धरून ठेवते, नीती चालायला लावते. यल्ला, चला, कागद आणा."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. माझी आठ पाने नीतीच्या प्रकरणात जाऊन बसली. बोट चुकली नाही.

ग्रंथ आला तेव्हा मी धास्तावतच प्रस्तावना उघडली. नांगराचे विवेचन मित्रवर्य पाटील यांच्यामुळे सुचले, असे तिथे छापले होते. माझ्या चुकीचा उल्लेख कुठेही नव्हता. माझे डोळे भरून आले.

आज साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. नव्या ग्रंथाची प्रतही मीच करावी, असा त्यांचा हट्ट आहे. ती नीट तपासून घ्यायला अल्ला त्यांना उदंड आयुष्य आणि निकोप दृष्टी देवो.