भिंतीबाहेरची तोटी

काळूराम फिटर तापट म्हणून वाडीत बदनाम होता. मुंबईच्या गिरणीत तो पाइप जोडायला शिकला, अठ्ठावीस सालच्या संपानंतर मांडव्याजवळच्या आपल्या वाडीत परतला आणि बागायतदारांचे पंप दुरुस्त करू लागला. कुणाचं ढिसाळ काम दिसलं की तोंड सोडायचा. पण त्या उन्हाळ्यात तो चिडला, ते चिडणं रास्त होतं, असं मी आजही म्हणेन.

मुंबईच्या एका शेठने समुद्राकाठी जागा घेऊन बंगला बांधला. वाडीची गोड्या पाण्याची विहीर त्याच जागेत होती. "पाणी काय, सगळ्यांचंच आहे," असं शेठ खरेदीच्या वेळी गावकऱ्यांसमोर बोलला होता. मग भिंत आली, फाटकाला कुलूप आलं आणि आत पोहण्याचा हौद आला! इंजिनाने विहिरीचं पाणी उंचावरच्या टाकीत चढवायचं, टाकीतून हौदात सोडायचं. पाणी हिरवं पडलं की सगळं समुद्रात ओतून हौद पुन्हा भरायचा. कशासाठी? तर कधीमधी येणाऱ्या पाहुण्यांना डुंबता यावं म्हणून. वाडीतल्या बायका हंडे घेऊन टेकडीपलीकडे जात.

वैशाखात टाकीखालचे सांधे गळू लागले. पाणी भिंतीखालून बाहेर येऊन खळग्यात साचायचं. बायका ते करवंटीने हंड्यात भरू लागल्या. तेव्हा शेठचा कारभार बघणारा मेहता शिवदास याने काळूरामला बोलावून घेतलं.

सांध्यांतली सुतळी कुजली होती, पाइपांचे आटे खाऱ्या हवेने खाल्ले होते. काळूरामने टाकीचा कॉक बंद केला, आटे घासले, नवी सुतळी गुंडाळून वर गळती रोखणारा सफेदा लावला आणि सांधे पान्याने आवळले. कॉक उघडला. सांध्यांतून थेंब पडेना.

भिंतीपलीकडून शेजारची केसर ओरडली, "अगं, पानी थांबलं! आत कोन हाय रं?"

"मी हाय, काळूराम."

मग त्याच्या बायकोचा, सगुणाचा आवाज आला, "तुमी बंद केलंत?"

तो तसाच शिवदासकडे गेला. "भाई, पानी फुकट जात होतं म्हनून बोलावलंत ना मला?"

"पाण्याची काय कमी आहे?" शिवदास म्हणाला. "शेठचे पाहुणे येणार. भिंतीशी ही बायकांची गर्दी बरी नाही दिसत."

काळूरामच्या डोक्यात तिडीक गेली. गळका सांधा मुद्दाम ठेवणं त्याच्या हाताला जमलं नसतं. त्याने घरून पाइपाचा तुकडा आणि तोटी आणली, टाकीच्या पाइपाला फाटा काढला आणि भिंतीला भोक पाडून तोटी बाहेर बसवली. भर दुपारी, शिवदासच्या देखत.

"शेठला सांगा, काळूरामनं बसवली."

शेठ आला आणि भडकला. "माझ्या पाइपाला हात लावायची तुझी हिंमत कशी झाली?"

"पानी सगळ्यांचं, असं तुमीच बोलला होता, शेठ. न्हाय बोललात?"

शेठने त्याला फाटकाबाहेर काढलं आणि दुसऱ्या माणसाकडून तोटी उपटून टाकली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची बैलगाडी आत शिरली, तिच्यामागून सगुणा, केसर आणि सगळी बायकामंडळी आत शिरली. इंजिनाभोवती रिकामे हंडे मांडून त्या बसल्या.

"आधी हंडे, मग हौद," सगुणा म्हणाली.

शिवदासने दम दिला, शेठने पोलिसांची भीती घातली. एकही बाई हलली नाही. पाहुणे व्हरांड्यातून बघत होते. शेवटी त्यांच्यातलीच एक म्हातारी शेठला म्हणाली, "अरे, दे ना त्यांना पाणी!" त्या लाजेनं तोटी परत बसली. बसवायला काळूरामच गेला.

पण हौद भरणं थांबलं नाही. उपसून उपसून दोन वर्षांत विहिरीत समुद्राचं पाणी शिरलं. डाळ शिजेना, चहा फाटायला लागला. खाऱ्या पाण्यात पाहुण्यांना डुंबायला मजा येईना, तेव्हा शेठने बंगल्याला कुलूप लावलं आणि लोणावळ्याला नवा बांधला. वाडी कुठे जाणार होती? टेकडीच्या पायथ्याशी सगळ्यांनी मिळून नवी विहीर खणली. काळूराम पहार घेऊन रोज हजर असायचा, आणि कातळावर घाव घालताना शेठला मोठ्याने शिव्या द्यायचा. त्याला गप्प बस म्हणायला कुणी गेलं नाही.