आत्याचं पित्त आणि आईचं डोकं

आमच्या घरात पत्रकं वरणभातासारखी रोजची. गल्लीतल्या नळासाठी, सफाई कामगारांच्या पगारासाठी बाबा ती तरुणपणापासून छापत आलेत, आणि मी वाचायला शिकले ती उरलेल्या गठ्ठ्यांवर. तेव्हा आईच्या डोकेदुखीवर मी पत्रक काढलं यात नवल नव्हतं. मथळा ठळक अक्षरांत: 'डोकेदुखी हे नाटक नव्हे!' ते स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. वाचक एकच हवा होता: आत्या.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरी असते. आईला महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस मायग्रेन. देवळातली घंटा वाजली तरी ती भिंत धरून उभी राहायची. त्यावर आत्याचं वाक्य ठरलेलं, "पाहुणे आले की हिचं डोकं बरं उठतं!"

आई भांडायची नाही. एकदाच मला म्हणाली, "हात मोडला असता तर बरं झालं असतं गं. प्लास्टर तरी दिसलं असतं."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. म्हणून विद्यापीठात मायग्रेनची कारणं शोधायला मेंदूची चित्रं काढताहेत, त्यासाठी अशा बायका हव्या आहेत असं कळताच मी आईला घेऊन गेले. आता पत्रकाशेजारी मेंदूचा फोटोच लावणार होते.

तिथली संशोधक माझ्याच वयाची. तिने दिलेला संमतीचा कागद मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. त्यात चक्क लिहिलं होतं की या अभ्यासाचा तुम्हाला थेट फायदा होणार नाही. इतकं प्रामाणिक वाक्य आमच्या पत्रकांतही सापडायचं नाही.

"पण चित्रात दुखणं दिसेल ना?" मी विचारलं.

"नहीं दीदी," ती म्हणाली. एकाच माणसाचं चित्र बहुधा नॉर्मलच येतं. दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या पुष्कळ मेंदूंची तुलना केली, तर आत काय वेगळं चालतं याचा माग लागू शकतो.

माझा चेहरा पडला. नॉर्मल चित्र आत्याच्या हाती लागलं तर खटला संपलाच. आई मात्र शांतपणे बांगड्या काढून एमआरआयच्या यंत्रात गेली. त्या दिवशी डोकं दुखत नव्हतं. बाहेर आली ती हसत. "लोहाराच्या दुकानात झोपल्यासारखं वाटलं. पण एवढा वेळ कुणी हाक मारली नाही बघ!"

निघताना संशोधक म्हणाली, आईच्या वयाच्या, डोकं न दुखणाऱ्या बायका मिळत नाहीत. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "आमच्या वन्सं आहेत ना."

आत्या खूश. कडक इस्त्रीची साडी नेसली, गल्लीभर सांगितलं, आणि टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, आमच्या मधोमध बसली. "निरोगी मेंदू कसा असतो ते बघू दे त्यांना एकदा."

तिथे आधी प्रश्न होते.

"डोकं दुखतं?"

"कधीच नाही."

"उलट्या?"

"एकादशीला होतात. उपासाचं पित्त."

"तेव्हा डोकं?"

"पित्ताने ठणकतंच की. उजवी बाजू."

"उजेड चालतो?"

"छे! खिडक्या लावून पडते. कुणी भांडं आपटलं तर त्याचा जीव घ्यावासा वाटतो."

"हे कधीपासून?"

"शाळेत शिकवत होते तेव्हापासून. उन्हातून आले तरी होतं."

संशोधकाचं पेन थांबलं. "आंटी जी, हम आपको स्वस्थ वाले ग्रुप में नहीं ले पाएँगे।"

शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांनी आत्याला तपासलं, पुन्हा तेच सगळं विचारलं, आणि सांगितलं की हे मायग्रेन आहे.

"अहो, पण ते पित्त आहे!" आत्या म्हणाली.

माझ्या जिभेवर अख्खं भाषण तयार होतं. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. मी ते गिळलं. न केलेलं माझं हे पहिलंच भाषण असावं.

परतीच्या टोटोत गोदौलिया चौकाशी आत्या आईकडे वळली. म्हणाली, "अगं, तुझंही उजवीकडूनच सुरू होतं का?"

"डावीकडून, वन्सं."

"आणि मळमळ? आधी की नंतर?"

गल्लीत शिरलो तरी दोघींचं चालूच होतं. पिशव्या मी एकटीने उचलल्या.

पुढच्याच आठवड्यात पाहुणे आले आणि आईचं डोकं उठलं. मी बाह्या सरसावून बाहेर आले, तर आत्या दारातच उभी. "हळू बोलायचं हं. ती आत पडलीये, डोकं दुखतंय तिचं." मग तिने स्वतः चहा केला. साखर विसरली, पण पाहुण्यांची काही बोलायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात जाताना माझं लक्ष दाराकडे गेलं. माझ्या मथळ्याखाली, वह्या तपासायच्या लाल पेनाने, मास्तरणीच्या अक्षरांत एक ओळ वाढली होती: 'पित्तही नव्हे.'