छापील चिठ्ठीवरची पेन्सिल

आमच्या साखर कारखान्यात संगणक आला, तेव्हा ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारे एक कारकून त्याच्याकडे पाठ करून बसत. मंगळवार पेठेतून सायकलवर येत, कानावर पेन्सिल. चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम माझा होता. मला वाटे, यांना तो नकोच आहे.

पहिल्याच आठवड्यात एका पाटलाची चिठ्ठी त्याच नावाच्या दुसऱ्याला गेली आणि त्या दुसऱ्याचा कोवळा ऊस तुटला. मी हबकलो. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक छापील चिठ्ठीवर पेन्सिलीचं बारीक अक्षर दिसू लागलं: ‘विहिरीवरचा’, ‘पैलवान’, ‘मास्तरांचा थोरला’. पुन्हा एकही चिठ्ठी चुकली नाही.

हंगाम संपल्यावर अध्यक्षांनी संगणकाला हार घातला. मी ओशाळून कारकुनांकडे पाहिलं.

“असू द्या की,” ते म्हणाले. “नवीन हाय ते. माणसं वळखायला येळ लागतोय.”