डोळे मिटून एका पायावर

चंद्रपूरच्या रग्बी संघात मी केवळ वजनामुळे आलो. शाळा नववीतच सुटली होती, गाव पार जालन्याकडे. इथे राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं. एवढं मला आधी कुणी दिलं नव्हतं, म्हणून ते जाईल या धास्तीनेच मी झोपायचो.

त्यात माझा डावा घोटा मुरगळला. मी कुणाला सांगितलं नाही. नेमके त्याच आठवड्यात आमचे सर कुठल्याशा शिबिरातून शिकून आले: ज्याचा तोल कच्चा, त्याला दुखापत पक्की. सगळ्यांची परीक्षा ठरली. अनवाणी, डोळे मिटून, आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर. जो डगमगेल तो घरी, आणि त्याची खोली दुसऱ्याला.

मग खेळ बंद, अख्खा संघ बगळ्यांसारखा उभा. सामन्यात समोरचा नव्वद किलोचा खेळाडू आपण डोळे मिटेपर्यंत थांबतो, असा सरांचा समज झाला असावा.

डाव्या पायावर मी पडायचोच. सिंदेवाहीचा एक सोबती बघत होता.

"काऊन गा, तू कधी धानाची रोवणी नाई केली?"

"आमच्याकडे भाताची शेती नाही."

"म्हणून पडून राह्यला. चिखलात कसे उभे राह्यतो आम्ही? अंगठा रुतव, बोटं आवळ."

चार दिवस त्याने मला एका बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात उभं केलं. परीक्षेच्या दिवशी मी ओल्या मैदानात अंगठा रुतवून खांबासारखा राहिलो. सरांनी वहीत लिहिलं, 'उत्तम. धोका नाही.' रोवणी केलेल्या सगळ्यांनाच उत्तम मिळालं. त्यातल्या एकाचा गुडघा सुजलेला होता.

दुसऱ्या दिवशी बूट घालून धावलो. बुटात अंगठा रुतवणार कुठे? पहिल्याच वळणावर घोटा गेला.

सर वही घेऊनच धावत आले. "असा कसा पडला बे? तुझा तोल तं उत्तम आहे."

मी पडल्या पडल्याच सगळं खरं सांगितलं.

"मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"घरी पाठवाल म्हणून."

सरांनी वहीकडे पाहिलं, मग सुजलेल्या पायाकडे. "या पायानं जालन्याले कसा जाशीन? राह्य आता इथीच."

घरी पाठवण्याइतकाही मी धड नव्हतो, म्हणून खोली राहिली. सरांचे उपकार मी विसरलेलो नाही. घोटा मात्र जरा सावकाशच बरा होऊ दिला.