हरणाऱ्याची बाजू

संस्थानं विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं आणि इंदूरच्या आम्हा तरुण वकिलांना मुन्सफीच्या, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या, परीक्षेचं वेड लागलं. मी दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. दोन्ही वेळा कायद्याच्या पेपरांत उत्तम गुण आणि निकाल लिहिण्याच्या पेपरात दांडी गुल. त्या पेपरात दोन्ही पक्षांचं म्हणणं आणि साक्षी छापून देत. आपण न्यायाधीश होऊन निकाल लिहायचा. तिसरी खेप शेवटची होती, कारण पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसणार नव्हतो.

परीक्षकांना अक्कल नाही, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी घरात मोठ्या आवाजात मांडत असे. अप्पा, म्हणजे माझे वडील, रियासतीच्या काळात कोर्टाचे सरिश्तेदार होते. न्यायाधीशाच्या पुढ्यात बसून खटल्यांचे कागद सांभाळण्यात त्यांची हयात गेली. एक दिवस ते म्हणाले, "परीक्षेत लिहिलास तो निकाल आठवेल तसा परत लिहून दाखव."

मी लिहिला. चष्मा पुसून त्यांनी तो वाचला.

"हे तर वादीच्या वकिलाचं भाषण झालं रे. प्रतिवादी काय म्हणतो, ते कुठाय?"

"अप्पा, तो साफ खोटा आहे!"

"असेल. पण बिचाऱ्याला पता तर लागू दे, आपण का हरलो ते."

मला राग आला, कारण ते खरं होतं. सहा वर्षं वकिली करून मला एक वाईट खोड लागली होती. कागद हातात आला की मी लगेच कुणाची तरी बाजू घेई आणि दुसऱ्याला झोडपत सुटे.

मग रोज सकाळी चहा झाला की अप्पा आठवणीतला एखादा जुना खटला सांगू लागले. नियम एकच: हरणाऱ्याचं म्हणणं आधी, आणि त्याच्या शब्दांत. लिहून झालं की ते स्वतः हरलेला पक्षकार होऊन समोर बसत. "हुजूर, माझा तिसरा मुद्दा खाऊन गेले!" असं ओरडत आणि अख्खा निकाल परत लिहायला लावत. माझ्या अंगाचा तिळपापड होई.

हे सगळं आतून ऐकणाऱ्या बायकोने एक दिवस लेखी अर्जच आणला. अभ्यासासाठी मी तिचं शिवणाचं मशीन पुढच्या खोलीतून ओसरीत हलवलं होतं. तिथे उजेड भरपूर, पण वारा कापड उडवून नेई. मी तत्परतेने निकाल लिहिला. तिचं म्हणणं आधी, तिच्या शब्दांत, एकही मुद्दा न गाळता. आणि अर्ज फेटाळला. अप्पांनी वाचून कपाळाला हात लावला.

"लिहिलंय बढिया. पण भिया, खोली बळकावली कोणी?"

"मी."

"आणि न्याय द्यायला बसलं कोण?"

बायकोला हसू आवरेना. त्याच दुपारी मशीन आत आलं आणि मी ओसरीत गेलो. उरलेली तयारी मी पानांवर वरवंटा ठेवून केली.

परीक्षेत दोन शेजाऱ्यांचा छपराच्या पाण्यावरून वाद आला. 'याच्या छपराचं पाणी माझ्या अंगणात पडतं, ते बंद करा,' असा दावा. वाचताक्षणी वादी मला पटला. म्हणजे हरणार प्रतिवादी; म्हणून आधी त्याचं म्हणणं लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता लक्षात आलं, अरे, याचंच बरोबर आहे! पाणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच पडत होतं, कुणी हरकत घेतली नव्हती. तो आता त्याचा हक्कच झाला होता. पहिलं पान फाडलं आणि वादीच्या शब्दांत वादीचं गाऱ्हाणं मांडून एकेक मुद्दा खोडत गेलो. बाहेर पडलो तो छाती फुगवूनच.

राजपत्रात माझं नाव वरून चौथं होतं. मी अक्षरशः पळत घरी आलो. अप्पा दाराजवळ खुर्चीत पेपर वाचत होते.

"अप्पा, मुन्सफ झालो!"

ते उठून उभे राहिले. मला वाटलं, जवळ घेतील. पण ते हात जोडून ताठ उभेच.

"अहो अप्पा, बसा ना!"

"कोर्ट बसल्याशिवाय सरिश्तेदार बसत नसतो."

इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही, आणि इतकं रडूही आलं नाही. मी होतो तिथेच जमिनीवर बसकण मारली. मग अप्पा बसले.